मास्तरांनी बेतलेली बाग

आमच्या शेजारचे मास्तर शाळेतले नव्हेत, शिलाईतले. छत्तीस वर्षं त्यांनी अख्ख्या गल्लीच्या अंगावर कपडे चढवले. पँटी, शर्ट, पोरांचे गणवेश, आणि ज्याला हौस असेल त्याला कोट. घरापुढच्या अंगणात पत्र्याची एक खोली होती, तेच दुकान. आत एक मशीन, एक बेतायचं टेबल, इस्त्री आणि भिंतीवर एक पाटी : ‘एकदा बेतलं की बदल नाही.’

ही पाटी नुसती दाखवायला नव्हती. मास्तर उसवायचे नाहीत म्हणजे नाहीत. बँकेतला एक कारकून एकदा नवी पँट घालून तणतणत आला. डावा पाय घोट्याच्या वर चढला होता.

“मास्तर, बघा हे!”

मास्तरांनी चष्मा कपाळावर सारला, टेप काढला, त्याचा पाय वरून खाली मापला, मग खालून वर मापला.

“पँट बरोबर आहे. तुमचा डावा पाय लांब आहे.”

“माझा? आजवर कधी कळलं नाही ते!”

“आजवर कुणी नीट मापलं नसेल.”

आणि मास्तरांनी पँटीला हात न लावता कारकुनाच्या उजव्या बुटात पुठ्ठ्याचा एक तुकडा कापून घातला. दोन्ही पाय एका रेषेत आले. कारकून त्या पुठ्ठ्यावर निवृत्त होईपर्यंत चालला, आणि वर चारचौघांत सांगत फिरला की मास्तरांनी आपली चाल सुधारली.

माझीच गोष्ट घ्या. माझा उजवा खांदा बोटभर उतरता आहे. हे मला वयाच्या पन्नाशीनंतर कळलं, पहिल्यांदा तयार शर्ट विकत घेतला तेव्हा. आरशात बघतो तर शर्ट एका बाजूला निघालाय. तो शर्ट घेऊन मास्तरांकडं गेलो, तर ते म्हणाले, “शर्टाची चूक नाही भाऊ. मी तुमच्या खांद्यात पहिल्यापासून अस्तराची एक घडी जास्त घालतो.” मला सांगितलं का नाही म्हणून विचारलं, तर म्हणाले, “सांगून खांदा वर येणार होता का?”

असा हा माणूस. मशीनच्या पायडलनं शेवटी गुडघे खाल्ले, तेव्हा मुलीनं फोनवरून तंबी दिली आणि दुकान बंद झालं. मशीन मुलीकडं गेलं, पत्रे भंगारवाला घेऊन गेला, आणि पाटी मात्र मास्तरांनी काढून पलंगाखाली ठेवली. घरापुढं रिकामं अंगण उरलं. बावीस फूट बाय तीस फूट. मास्तरांच्या भाषेत दोनशे चौसष्ट बाय तीनशे साठ. फुटांत ते कधी बोललेच नाहीत.

माणसाला कामाची सवय असली आणि काम नसलं की तो जे दिसेल ते मापत सुटतो. मास्तरांनी अंगण तीनदा मापलं. रस्त्यावरून बघितलं तर फाटक डाव्या हाताला, उजव्या हाताला आमची सामाईक भिंत, मधोमध घराचं दार. आणि फाटकाजवळ, डावीकडं, एक लिंबोणी.

लिंबोणी कुणी मुद्दाम लावलेली नव्हती. दुकानाच्या पहिल्या वर्षी वहिनींनी – म्हणजे मास्तरांच्या बायकोनं – पिळलेल्या लिंबाच्या बिया तिथं टाकल्या, त्यातली एक हट्टानं उगवली. वर दुकानाचा पत्रा. मग ती बिचारी आधी वर गेली, पत्र्याला डोकं आपटलं, तिथून कंबरेत वाकून हातभर आडवी सरकली, पत्र्याची कड संपल्यावर पुन्हा सरळ वर गेली. पत्रा गेला तरी बाक गेला नाही. पाठीवर पोतं घेतलेल्या हमालासारखी ती उभी असायची. लिंबं लहान, पण रस असा की डोळे आपोआप मिटायचे. सगळी गल्ली तिथूनच लिंबं न्यायची, विचारून किंवा न विचारता.

दुकानात दुसऱ्या माणसाला बसायला जागा नव्हती. म्हणून वहिनी लिंबोणीच्या त्या आडव्या बुंध्याखाली एक बुटकं स्टूल टाकून बसायच्या. काज करणं, बटणं लावणं, कच्चे टाके घालणं, पँटीच्या खालच्या पट्ट्या हातानं शिवणं, ही सगळी कामं त्यांची, आणि ती सगळी त्या स्टुलावर. मास्तरांची मशीनवरची बसण्याची जागा अशी की त्यांची पाठ खिडकीकडं. त्यामुळं ती लिंबोणी आणि तिच्याखालचं माणूस छत्तीस वर्षं त्यांच्या पाठीमागं राहिलं. दुकान गेल्यावरही वहिनी तिथं बसायच्या. लावायला बटण नव्हतं, तरी मांडीवर बटणांचा डबा घेऊन पांढरी एकीकडं, तपकिरी एकीकडं असं करत बसायच्या. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा एकत्र करून पुन्हा निवडायच्या.

मग एके दिवशी मास्तरांनी जाहीर केलं, “बाग करायची.”

मुलीला आनंद झाला. बाबा गुडघे चोळत बसण्यापेक्षा हे बरं. पण ती म्हणाली, “बाबा, आधी स्टाईल ठरवा. मग झाडं आणा. नाहीतर बाग व्हायची नाही, नुसती नर्सरी होईल.” आणि तिनं फोनवर अकरा फोटो पाठवले.

त्या फोटोंसाठी रीतसर बैठक बसली. दुकानाच्या उरलेल्या जोत्यावर मास्तर, मी, आणि कोपऱ्यावरच्या नर्सरीतला माळी. माळी शांत माणूस. समोरचा जे म्हणेल त्याला आधी ‘होय’ म्हणायचा आणि मग शंका विचारायचा.

पहिला फोटो आखीव-रेखीव बागेचा. मधोमध कारंजं, दोन्ही बाजूंना सारखी कापलेली झुडपं, इकडं जितकी तितकीच तिकडं.

“शाळेचा गणवेश,” मास्तर म्हणाले. “दिसतो चांगला. पण सुट्टीच्या दिवशी कुणी घालतं का?”

दुसऱ्या फोटोत पांढरी वाळू, तिच्यावर दाताळ्यानं ओढलेल्या रेघा, तीन दगड आणि एकच झुडूप.

“ह्याला कापड कमी पडलेलं दिसतंय.”

“होय मास्तर,” माळी म्हणाला. “पण ह्यानं मन शांत होतं म्हणतात.”

“कुणाचं? गल्लीत सात मांजरं आहेत. एवढी मऊ वाळू बघितल्यावर सातही जणं सकाळी येऊन शांत होऊन जातील.”

तिसऱ्या फोटोत भिंतीपासून भिंतीपर्यंत नुसती हिरवळ. ही मास्तरांनी बराच वेळ न्याहाळली. मला वाटलं, उतरली पसंतीला. पण त्यांनी मान हलवली. “ही पांढरी पँट झाली. घालायची राहते बाजूला, डाग पडू नये म्हणून जन्मभर उभं राहायचं.”

चौथ्या फोटोत कशाचा कशाला मेळ नव्हता. उंच गवत, मध्येच निळी फुलं, मध्येच पिवळी, वाट कुठं सुरू होते आणि कुठं बुडते पत्ता नाही. वहिनी चहाचे कप घेऊन आल्या होत्या. त्या वाकल्या, नीट बघितलं आणि म्हणाल्या, “ही छान आहे.”

“ही?” मास्तर हसले. “अगं, ही बाग नाही, चिंध्यांची गोधडी आहे.”

“मला गोधडी आवडते.”

पण तोवर मास्तरांचं बोट पाचव्या फोटोवर सरकलं होतं. वहिनींनी कप ठेवले आणि त्या लिंबोणीखाली जाऊन बसल्या.

अकरा फोटो संपले. एकही अंगाला बसेना. कुठली बाग खांद्यात आवळत होती, कुठली कंबरेत ढगळ होती. माळी ‘होय, होय’ करून दमला. मास्तर म्हणाले, “तयार मालात आपलं माप सापडायचं नाही. आपणच बेतू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या भिंतीवरून हाका मारायला लागले. गेलो. टेबल नव्हतं म्हणून जमिनीवरच खाकी कागद पसरला होता, आणि मास्तर गुडघ्यांची पर्वा न करता चारी हातापायांवर. हातात खडू, कानाला पेन्सिल. इतकं तेज त्यांच्या तोंडावर मी दुकान बंद झाल्यापासून बघितलं नव्हतं.

“भाऊ, कोट!” ते म्हणाले. “बाग कोटासारखी बेतायची. हे बघा. फाटकापासून दारापर्यंत वाट सरळ नेली की झाला सदरा. त्यात मजा नाही. वाट कशी पाहिजे? कोटाची कॉलर छातीवरून वळून खाली येते ना, तशी. मऊ वळण. वाटेच्या दोन्ही अंगांना फुलांचे वाफे, कडेला एका उंचीत कापलेली झुडपं, हे खालचे दोन खिसे. आणि ह्या पलीकडच्या छातीवर एकच गोल वाफा. हा वरचा खिसा. त्यात रुमालासारखं एकच झाड, सुरूचं. सुईसारखं सरळ.”

खरं सांगतो, मला आवडलं. माणसानं जन्मभर जे केलं त्यातूनच ते आलं होतं. माळीही वाकून बघत होता. मास्तरांनी वाफ्याच्या आणि वाटेच्या मध्ये सगळीकडं दोन-दोन इंच मोकळी पट्टी सोडली होती.

“हे कशाला मास्तर?” माळ्यानं विचारलं.

“शिलाईला जागा नको? उद्या बाग अंगानं भरली तर सैल कुठून करणार?”

“होय,” माळी म्हणाला.

मग मास्तर कागद सोडून उठले आणि खडूनं जमिनीवर वाटेचं वळण नुसतं अंदाजानं ओढून दाखवायला लागले. फाटकापासून निघालेली खडूची रेघ चार पावलांवर लिंबोणीला जाऊन भिडली. अगदी स्टुलाशी. वहिनींनी पाय उचलून बाजूला घेतले.

“लिंबोणीचं काय?” त्यांनी विचारलं.

“ती जाणार की,” मास्तर म्हणाले. “कॉलरच्या बरोबर वळणात येतेय. आणि बघ तरी कशी, पोक काढून उभी! कोटाला असला झोळ शोभेल का?”

“आणि मी बसू कुठं?”

“मी बाक करून देतो ना. पाठीला आधार असलेला. तिकडं, सुरूच्या बाजूला.”

वहिनींनी बटणांच्या डब्याला झाकण लावलं. मग म्हणाल्या, “बरं.”

हा शब्द गल्लीतल्या बायकांना समजला असता. मला निम्मा समजला. मास्तरांना ‘बरं’ म्हणजे बरं वाटलं, आणि ते खूश होऊन कागदावर परत वळले.

आता ह्यात एक गोम होती, ती त्या वेळी आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आली नाही. शिंपी कापडाच्या सुलट बाजूवर खडू चालवत नाही, डाग राहतो. तो कापड पालथं घालतो आणि उलट्या बाजूवर आखतो. म्हणजे कोटाचा खिसा घालणाऱ्याच्या डाव्या छातीवर यायचा असेल, तर आखताना तो शिंप्याला दुसऱ्याच हाताला दिसतो. मास्तरांचा हात छत्तीस वर्षं असाच वळलेला. जमिनीवर रेघ ओढताना समोर खरं फाटक होतं, म्हणून रेघ बरोबर आली. पण कागदावर बसले की तो कागद त्यांच्या मनानं पालथाच असायचा. त्यांनी फाटक कागदाच्या उजव्या टोकाला दाखवलं, खिसा डावीकडं. डोक्यात सगळं बरोबर. कागदावर सगळी बाग इकडची तिकडं.

काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मास्तरांच्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. तिच्याजवळ दुसरं कुणी नव्हतं. मास्तरांना चार दिवस जाणं भाग होतं. काम पुढं ढकलू म्हणाल्यावर माळ्यानं पहिल्यांदाच ‘होय’ म्हटलं नाही. त्याच्या विटा आल्या होत्या, रोपं आली होती, सुरूचं झाड कुंडीत उभं होतं.

मास्तरांनी जाताना कागद त्याच्या हातात दिला. कागदाच्या वरच्या अंगाला ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, ‘बदल नाही.’

“कागदावर आहे तसंच,” ते म्हणाले. “इंच इकडं नाही, इंच तिकडं नाही. वाटेत येईल ते मुळासकट काढ. मला विचारायला फोन करू नकोस, मी दवाखान्यात असेन.”

“होय,” माळी म्हणाला.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या बाजूला दात घासत उभा होतो. पलीकडं माळ्यानं कागद जमिनीवर ठेवला, चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवल्या. सामान्य माणूस ठेवतो तसा, लिहिलेली बाजू वर. मग कागदाकडं बघितलं, फाटकाकडं बघितलं. पुन्हा कागदाकडं. उठून कागदाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसला. तरी जमेना. शेवटी त्यानं हाक मारली.

“काकू, जरा येता का? फाटक तर इकडं आहे. आणि वाट ह्यात तिकडून निघतेय.”

वहिनी पदराला हात पुसत आल्या. कागदावर वाकल्या. मी तोंडातला फेस तोंडातच धरून बघत होतो. त्यांनी पुरतं मिनिटभर त्या कागदाकडं बघितलं. मग कुठंतरी काहीतरी सापडल्यासारखं त्यांच्या तोंडावर आलं आणि लगेच गेलं.

“मास्तरांचा कागद चुकलाय असं म्हणायचंय का तुम्हाला?”

“नाही नाही काकू! तसं नाही.”

“मग आहे तसं करा.”

माळी डोकं खाजवत राहिला. “मग मास्तर फाटक हलवणार असतील नंतर.”

“त्यांचं डोकं तेच जाणे,” वहिनी म्हणाल्या.

दोरी ताणली गेली. वाट दारातून निघाली, सुरेख वळली आणि उजवीकडं आमच्या भिंतीजवळच्या कोपऱ्यात, जिथं फाटक सोडा, साधं भोकही नाही अशा कुंपणाच्या भिंतीला जाऊन भिडली. लिंबोणी आपल्या जागी राहिली, कारण ती वाटेत आलीच नाही. संध्याकाळी माळी पुन्हा अडला. आता गोल वाफा आखायचा होता.

“काकू, ह्या गोलात एक झाड दाखवलंय. पण इथं तर आधीच लिंबोणी आहे.”

“कागदावर किती झाडं आहेत?”

“एक.”

“आणि इथं किती आहेत?”

माळ्यानं मोजलं. खरंच मोजलं, बोट दाखवून. “एक.”

“मग झालं की.”

चौथ्या दिवशी दुपारी मास्तर परतले. हातात पिशवी, आणि चालण्यात घाई. मी बाहेरच होतो. खोटं कशाला सांगू, मी सकाळपासून बाहेरच होतो. समोरचे दोघं-तिघंही काही ना काही कामानं रस्त्यावर आलेले. निवृत्त कारकूनही होता.

मास्तरांनी फाटक ढकललं. समोर विटांचं गोल कडं, त्यात लिंबोणी, तिच्याखाली स्टूल, स्टुलावर वहिनी. मास्तर थबकले. पाय ठेवायला वाट नाही. त्यांची नजर वाट शोधत दारापर्यंत गेली, दारापासून वळणावरून परत आली आणि पलीकडच्या कोपऱ्यात भिंतीवर आपटली. विटांची ती सुंदर वाट तिथं भिंतीशी येऊन थांबली होती, कुणीतरी दार उघडेल म्हणून उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखी.

“अरे!” मास्तर ओरडले. “हे काय करून ठेवलंस?”

माळ्यानं कागद पुढं केला. मास्तरांनी तो घेतला, झटकला, बघितला. तोंड उघडलं. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, त्यांनी कागद पालथा केला आणि दोन हातांनी उन्हासमोर धरला. मागून रेघा दिसत होत्या. फाटक डावीकडं. खिसा उजवीकडं. जिथं हवं होतं तिथं सगळं.

मास्तरांचे हात तसेच वर राहिले. कागदाआड त्यांचं तोंड दिसत नव्हतं. 

माळी बिचारा पुढं झाला. “मास्तर, मी उसवतो सगळं. दोन दिवसांत फिरवून देतो. विटा काय, अजून सिमेंट धरलेलं नाही. फक्त लिंबोणी काढावी लागेल आता, वाट इकडून न्यायची तर.” त्याच्या खांद्यावर कुदळ होतीच.

कागद खाली आला. मास्तरांनी आधी कुदळीकडं बघितलं, मग लिंबोणीकडं. वहिनी स्टुलावरून उठल्या नाहीत. बटणं निवडायचं मात्र थांबलं होतं. त्यांनी डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता.

मास्तरांनी खिशातून टेप काढला. लिंबोणीभोवती फिरले. बुंध्यापासून विटांच्या कड्यापर्यंत इकडून मापलं, तिकडून मापलं. मग वाटेच्या वळणावर उकिडवे बसून एक डोळा मिटून बघितलं. आम्ही सगळे वाट बघत होतो की आता कुणाचा पाय लांब निघतोय.

“उसवायचं कशाला?” मास्तर उठत म्हणाले. “कोण म्हणालं चुकलंय?”

“होय,” माळी म्हणाला. मग सवयीनं, “पण फाटक?”

“फाटक चुकलंय. ते तिकडं पाहिजे.” आणि रस्त्यावरच्या आमच्याकडं वळून त्यांनी आवाज चढवला, म्हणजे सगळ्यांना ऐकू जावं. “बाप्याच्या कोटाचा डावा पल्ला वर येतो. बाईच्या कोटाचा उजवा. बटणं उलट्या अंगाला असतात. छत्तीस वर्षं कोट घालताय, हे तरी माहीत आहे का कुणाला? आता मला सांगा, ह्या बागेत बसणार कोण? मी का ही? मग कट लेडीजच पाहिजे!”

कारकुनानं आदरानं मान हलवली. त्याला पहिल्यांदा पटलं.

तीन दिवसांत फाटक डावीकडून निघालं आणि उजवीकडं बसलं, आमच्या भिंतीला खेटून. जुन्या जागी भिंत भरली. पोस्टमन पुढचा महिनाभर त्या भिंतीपुढं येऊन सायकल थांबवायचा, दचकायचा आणि मग पलीकडं जायचा. सुरूच्या झाडाला मात्र जागा उरली नाही. ते कुंडीसकट माझ्या गळ्यात पडलं. आता आमच्या अंगणात ते सुईसारखं सरळ उभं आहे, आणि त्याच्याशेजारी माझा खांदा पूर्वीपेक्षा जास्त उतरलेला दिसतो.

फाटक बसलं त्या संध्याकाळी मी नव्या फाटकाची कडी वाजते का बघायला गेलो होतो. निमित्तच ते. मास्तर गोल वाफ्याच्या कडेवर बसले होते, पहिल्यांदाच लिंबोणीकडं तोंड करून. वहिनी स्टुलावर. मी फाटकापाशी आहे हे दोघांनाही दिसत होतं, पण शेजाऱ्यापासून लपवण्यासारखं त्यांच्यात काही उरलं नव्हतं.

“तुला कळलं होतं,” मास्तर म्हणाले.

“काय?”

“कागद पालथा होता ते.”

वहिनींनी एक तपकिरी बटण तपकिरी बटणांत टाकलं. “तुमचा कागद कधी सुलटा होता? छत्तीस वर्षं तुम्ही पालथं आखताय. ते सुलटं करून टाचत कोण होतं? खिसा तिसऱ्याच बाजूला खूण करून माझ्याकडं टाकायचा, आणि मी इथं बसून तो जाग्यावर आणायचा. एकदा बाहीसुद्धा उलटी दिली होतीत. इन्स्पेक्टरच्या कोटाची.”

“कधी?”

“तुम्ही मशीनवर होता. तुमची पाठ होती.”

 मास्तरांची पाटी, त्यांचा दरारा, न उसवलेले ते हजारो कपडे, सगळं ह्या बुटक्या स्टुलावरून फिरून गेलं होतं, आणि हे त्यांना आत्ता कळत होतं. तोंड असं झालं होतं, जणू कुणीतरी त्यांच्याच बुटातला पुठ्ठा काढून हातात ठेवला होता.

“मग ह्या वेळी का नाही सुलटं केलंस?”

“ह्या वेळी मला कुणी टाचायला दिलंच नाही,” वहिनी म्हणाल्या. “‘बदल नाही’ लिहून थेट माळ्याला दिलंत.”

मला वाटलं, आता फाटकाची कडी वाजते आहे हे पक्कं झालं, तेव्हा निघावं. पण मास्तर उठले आणि मला थांबा म्हणाले. घरात गेले, पलंगाखालून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. परत आले ते हातात शिवण उसवायचं ते बारीक पातं आणि खडू घेऊन. खडू त्यांनी वहिनींपुढं धरला.

“बोल. कुठं आवळतंय?”

वहिनींनी खडूकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. चेष्टा तर नाही ना, हे दोनदा बघून घेतलं. मग उठल्या. ज्या बाईनं जन्मभर दुसऱ्याच्या खुणा टाचल्या, तिनं खडू हातात घेतला आणि बागेत अशी फिरली की माझं तोंड उघडं राहिलं. वाटेच्या डाव्या वाफ्यातली एका उंचीत कापलेली झुडपांची ओळ, तिच्यावर फुली. “हे काढा. मला रस्ता दिसत नाही.” वाफ्यांच्या कडेची दोन-दोन इंची पट्टी, तिच्यावर लांब रेघ. “इथं फुलं सोडा. निळी. पिवळी. कशीही.” उजव्या खिशाच्या मध्यावर गोल. “इथं गवत वाढू दे. कापायचं नाही.”

“ही तर गोधडी झाली,” मास्तर म्हणाले.

“झाली.”

मास्तर गुडघ्यावर टेकले आणि पहिलं झुडूप मुळाशी मोकळं करायला लागले. त्या इवल्याशा पात्यानं! मी म्हटलं, माळ्याची कुदळ आणून देतो. ते म्हणाले, “नको. उसवताना कापड फाटता कामा नये.” एका झुडपाला त्यांना पाऊण तास लागला.

आता कुणी पाहुणा आला की विचारतो, ही कुठल्या पद्धतीची बाग म्हणायची? लिंबोणीच्या पोकाखाली मास्तरांनी लाकडाचा एक टेकू बसवला आहे, त्याच्या टोकाला अस्तराच्या चार घड्या, बुंध्याला टोचू नये म्हणून. शेजारी दुसरं स्टूल आलंय. मास्तर त्यावर बसून पांढरी बटणं तपकिरी बटणांत टाकतात आणि बोलणी खातात. पाहुण्याच्या प्रश्नाला ते उत्तर द्यायला तोंड उघडतात, मग वहिनींकडं बघतात.

“ट्रायल चालू आहे,” वहिनी सांगतात.